लाल झाकणाची बाटली

अक्का,

पिकअप आज काढू नकोस, अप्पा म्हणाले तरी. ब्रेकचे सगळे रबर फुगलेत. नवे आणायला मी मेकॅनिक मंजुनाथबरोबर मार्केटात गेलोय. डाळ कुकरमध्येच आहे, स्वल्प गरम करून घे.

काल जयनगरच्या चौकात चाकं जाम झाली, आणि घरी अप्पा अख्ख्या गल्लीसमोर तुला म्हणाले, ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल ओतणाऱ्यानं चावी मागू नये. तू सांगत राहिलीस, "मी लाल झाकणाच्या बाटलीतलंच घातलं." तेच घातलं होतंस. आपल्या घरात लाल झाकण म्हणजे ब्रेक ऑइल, हे अप्पांनीच लावलेलं वळण. ती बाटली रिकामी दिसली म्हणून इंजिनचं उरलेलं ऑइल मी तिच्यात भरून ठेवलं. जुन्या डिझेल गाडीला जाडच ऑइल लागतं म्हणून दुकानदाराचं डोकं खाल्लं, आणि घरी येऊन हा उद्योग केला.

तुला बोलणी बसत होती तेव्हा मी दारातच होतो. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी चपला शोधायला लागलो. चाकं जाम झाली तेव्हा तुझी लेक भव्या गाडीत शेजारी बसली होती हे नंतर कळलं.

सकाळी अप्पांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. खिशातून चावी काढून म्हणाले, "तिच्या हातात दे. तू स्वतः."

तेवढंही जमलं नाही, अक्का. चावी या चिठ्ठीखाली आहे.

मकरंद