शेवटी जेवायला बोलावलं, पण

ती. भागीरथी आत्यास,

खारघरहून जयप्रकाशचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? इकडे सगळे खाऊनपिऊन सुखी. फोनच करणार होतो, पण फोनवर तू ऐकतेस कमी आणि बोलतेस जास्त (राग मानू नकोस), म्हणून तुझा हरेश उरणला, मोऱ्याला परततोय त्याच्या हाती हे पत्र देतोय.

बातमी अशी की प्रसाद आणि क्षिप्राने आम्हाला जेवायला बोलावलं! हो, तेच, समोरच्या बिल्डिंगमधले सोलापूरकडचे. होळी असो, गौरी असो, गावची जत्रा असो, दोघं आमच्याकडे ताटावर हजर. निघताना प्रसाद (ढेकर देऊन) म्हणायचा, "एकदा आमच्याकडे या यार." ते 'एकदा' काही उजाडत नव्हतं. शेवटी वैशालीने जाहीर केलं, की त्यांचं बोलावणं आल्याशिवाय या घरात त्यांचं पान मांडायचं नाही. आता प्रसाद म्हणजे माझा इथला एकुलता एक दोस्त, आणि मी त्याला सोसायटीच्या गेटवर बघून रस्ता बदलायला लागलो होतो. फार वाईट वाटायचं. अशात बोलावणं आलं. मला इतका आनंद झाला, की इस्त्रीचा शर्ट घालून मी सकाळपासूनच तयार.

आता घोळ कुठे झाला ते ऐक. कोणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तूच वैशालीला लग्नानंतर शिकवलंस. मी म्हटलं, मिठाई नेऊ. तर म्हणाली, "मिठाई नेली काय नि नाय काय, सारखाच हाय." मग थोडं कोळंबीचं कालवण झालं. कालवण आहे तर तांदळाच्या भाकऱ्या नकोत? भाकऱ्या आहेत तर बोंबील तळायला कितीसा वेळ लागतो? त्यांच्या दारात आम्ही उभे राहिलो ते केटरिंगवाल्यांसारखे, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. प्रसादने वास घेतला आणि पिशव्या थेट टेबलावर नेल्या. क्षिप्रा एकदा पिशव्यांकडे, एकदा आपल्या ओट्याकडे बघत राहिली. मग "वैशालीताई, तुम्ही आणलंयत तर हेच घेऊ," म्हणाली आणि ओट्यावरच्या पातेल्यांवर झाकणं ठेवली. म्हणजे पाहुणे म्हणून गेलेलो आम्ही त्यांच्याच घरी त्यांना जेवू घालून आलो.

परतताना वैशाली धुसफुसत होती, की हे बोलावणं धरायचंच नाही. निघताना क्षिप्राने तिच्या हातात एक तीन पुडांचा डबा दिला होता. रात्री तो उघडला, तर हुलग्याची शेंगोळी, भरली वांगी, शेंगांच्या पोळ्या. सकाळपासून राबून तिने हे आमच्यासाठी केलं होतं, आणि आम्ही तिला ते वाढूच दिलं नाही. आपल्याच घरात बसून आम्ही त्यांच्याकडचं जेवलो, गपचूप. वैशाली तर वांग्याचे देठसुद्धा चोखत होती. मग हळूच म्हणाली, "अहो, ती मला घाबरते का?" आणि तिने फोन लावला. क्षिप्रा रडलीच म्हणे. तुमच्या हातच्या जेवणापुढे माझं काय वाढू, या भीतीनेच तिने इतकी वर्षं बोलावलं नव्हतं. पण आता येत्या रविवारी परत बोलावलंय, आणि मी जाम खूश आहे.

तब्येतीला जप.

तुझा,
जयप्रकाश

ता. क. खरं काम राहिलंच. क्षिप्राचा डबा परत न्यायचाय, आणि भरून आलेला डबा रिकामा पाठवायचा नाही हेही तुझंच शिक्षण. तेव्हा वैशालीला तू कळव, की चिमूटभर साखर घातली तरी डबा भरला असंच धरतात. माझं ती ऐकत नाही. पुन्हा कालवण नेलं तर क्षिप्रा पुन्हा पातेल्यांवर झाकणं ठेवेल, आणि तिसऱ्यांदा काही ती आम्हाला बोलवायची नाही.

ता. क. २. आत्या, वैशालीचा नमस्कार. पाकीट यांनी चिकटवलं होतं, मी उघडलं. साखर घालीन, पण ती एका पुडात मावते. बाकीची दोन पुडं रिकामी कशी नेऊ? हरेशभाऊ रविवारच्या आत परत इकडे येणारच आहेत, त्यांच्याबरोबर थोडे कोळंबीचे सोडे पाठवा. रांधून नाही नेत, सुकेच देते. क्षिप्रा रांधेल आणि मी बसून जेवेन. मीठ कमी पडलं तरी तोंड उघडणार नाही, तुमची शपथ. तिखटाचं मात्र आत्ताच सांगत नाही.