शीतलचे पाय, आईंच्या मांडीवर

मंगळवार, संध्याकाळ. भातकुली

धाकटी जाऊ शीतल आज शुद्धीवर आली. आनंद झाला, खरंच झाला. पण मन कुठे अडकलंय ते इथे तरी खरं लिहावं. परवा तिला अमरावतीला नेताना सासूबाईंनी गाडीत तिचे पाय मांडीवर घेतले होते.

बाळंत होऊन तिला वीस दिवस झालेत. परवा सकाळी अंगात ताप, छातीत धडधड, हात थरथरत होते आणि ती मलाच ओळखेना. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली पोरीले."

मी म्हटलं, "आई, थायरॉइडच्या गोळ्या सोडल्या हिनं. आत्ताच दवाखान्यात न्या हिले."

लगेच गाडी निघाली. आणखी उशीर झाला असता तर जीव गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आणि माझ्या वेळी? मुलगी झाल्यावर मी सुजले, केस गळाले, अंथरुणातून उठवत नव्हतं. "मोठी कामचुकार हाय," वर्षभर हेच ऐकलं. शेवटी एकटीच एसटीनं जाऊन रक्त तपासलं, तेव्हा थायरॉइड निघाला; शीतलचा वाढलेला, माझा कमी पडलेला. माझे पाय कोणी घेतले मांडीवर? शीतलचा यात काय दोष? तरी जळतेच मी.

आज सासूबाईंनी विचारलं, "तुले कसं समजलं वो इतक्या लवकर?"

"मलेबी हाय ना थायरॉइड, आई."

"तुले? कवापासून?"

सात वर्षं रोज सकाळी त्यांच्यासमोरच गोळी घेते मी.