हार्ट अटॅक म्हणून सांगितलेलं

१३ जुलै, रविवार
विहारात पावसाळ्यातलं, वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. यंदा बुद्धप्रियाताईंनी नवीन काढलंय — वाचन झालं की एकानं उभं राहून स्वतःचं आयुष्य सांगायचं. सक्ती नाही, ज्याला वाटेल त्यानं. मला म्हणाल्या, रेणुकाताई, तुम्ही नाव देता का? मान हलवली — नाही. मी काय सांगू? अंगणवाडीतली खिचडी?

२० जुलै
आज नागुबाई मावशी बोलल्या. नवऱ्यानं टाकलं, माहेरानं दार लावलं, म्हणून दोन महिने लेकरू घेऊन अहमदपूरच्या बसस्टँडवर काढले. वीस वर्षं शेजारी राहते मी त्यांच्या, ठाऊक नव्हतं! परत येताना म्हणाल्या, "चाळीस वर्षं उरावर धोंडा होता बघ. आज जरा श्वास घेतला."

२१ जुलै
दिवसभर मावशींचं तेच वाक्य डोक्यात.

३ ऑगस्ट
माझ्या अश्वजितचा वाढदिवस. एकोणीस पूर्ण झाली असती. शेवयाची खीर केली. कुणी खाल्ली नाही.
नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. लातूरच्या होस्टेलवरून त्याला आणलं तेव्हा यांनी दारातच सगळ्यांना सांगून टाकलं — हार्ट अटॅक. मग मीही तेच सांगत गेले. सासरी, माहेरी, अंगणवाडीतल्या आयांना. परवा भोकरच्या बहिणीनं फोनवर विचारलं, लहानपणापासूनच हार्ट कमजोर होतं का गं त्याचं? मी हो म्हणलं. कबड्डी खेळणारं पोर माझं. त्याच्या धडधाकट काळजाला मी आजारी ठरवलं.

१० ऑगस्ट
नाव दिलं. यांना सांगितलं नाही.

१७ ऑगस्ट
सांगितलं!
बुद्धप्रियाताईंनी खुर्ची दिली, बसले नाही. म्हणलं, माझ्या लेकाला हार्ट अटॅक आला नव्हता. त्यानं आपल्या हातानं जीव दिला. बारावीला होता, डॉक्टर व्हायचं होतं, टेस्टला मार्क कमी पडत होते.
मला वाटलं आता संपलं. पण पुढचं आपोआप येत गेलं. जेवला की माझ्याच पदराला हात पुसायचा. वडिलांची कंडक्टरची टोपी घालून गल्लीतल्या पोरांची तिकिटं फाडायचा. मेला कसा ते दोन वाक्यांत संपलं. जगला कसा, त्यालाच अर्धा तास लागला. दोन वर्षांत त्याचं नाव एवढ्या वेळा तोंडात आलंच नव्हतं.
नंतर शिरूर अनंतपाळची एक बाई जवळ आली, इथं पाहुणी आलेली. तिची पोरगी लातूरलाच शिकते. म्हणाली, उद्याच जाऊन भेटते, अभ्यासाचं काही विचारत न्हाई. बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं — असं कुणी माझ्यापुढं उभं राहून का नाही बोललं, तेव्हा?

१८ ऑगस्ट
डेपोत कुणीतरी यांना सांगितलं. ताटावरून उठले. एवढंच म्हणाले, "लेकाला चव्हाट्यावर आणलंस."

२४ ऑगस्ट
बोलणं बंद. भाकरी वाढते, खातात, ड्युटीवर जातात. विहारात एकटीच गेले. शिरूरच्या बाईचा निरोप होता — पोरीला आठ दिवस घरी आणलंय. नुसती झोपते आणि खाते. उलट निरोप धाडला, झोपू द्या.

२९ ऑगस्ट
आज अंगणवाडीत एका आईनं विचारलं, तुमचा मुलगा कशानं गेला? खरं सांगितलं. आवाज कापला नाही.

७ सप्टेंबर
मी विहाराकडं निघाले, तर हे मागून येत होते. शेवटच्या रांगेत बसले. आज कुणाचं नाव नव्हतं. ताई आटोपतं घेत होत्या, तेवढ्यात हे उठले.
"त्या दुपारी पोराचा मला फोन आलता. पप्पा, घरी येऊ का म्हणला. गाडीत लई गर्दी होती. मी म्हणलो, परीक्षा झाल्यावर ये." मग म्हणाले, "हिला अजून सांगितलेलं न्हाई."
हे खाली बसले. आमच्यामध्ये चार रांगा होत्या. मी उठले तेव्हा मलाच कळत नव्हतं, जाऊन काय करणार आहे. यांच्या शेजारी जाऊन बसले.