ढिगाऱ्यावरचे आईन

मी चंद्राबाई सोनबा उतेकर, वय ७२, राहणार कापडे, तालुका पोलादपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. कान गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर मुलगा प्रवीण यास. गणपतीत तो चार दिवस येथे झोपायला येतो, तेवढे त्याला पुरे आहे. बोरमाळ सून रेश्मा हिला, कारण तिने ती कधी मागितली नाही.

२. वरची जमीन, खाणीच्या ढिगाऱ्यासह. हे कलम सावकाश वाचावे.

माझे यजमान कै. सोनबा यांनी सही करून माळ खाणवाल्यांना भाडेपट्ट्याने दिला. माल संपल्यावर ते गेले, टाकाऊ माती-दगडाचा ढिगारा मागे राहिला. पुढच्या श्रावणात तो घसरला आणि खालची, धाकटे दीर चांगू यांची भाताची दोन खाचरे गाडली गेली. भावोजी बांधावरून ओरडले, "वैनी, तुमच्या या पापावर कुसळ पन उगवायचा नाय!" त्याला तेरा वर्षे झाली. यजमान गेले तेव्हा भावोजींनी खांदा दिला, पण माझ्या ओटीवर पाणी घेतले नाही. सही नवऱ्याची, शाप मला.

म्हणून मी कुसळच उगवून दाखवले. खाणवाल्या साहेबांनी एकदा येऊन ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या, फोटो काढले. त्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. मी दगडांचे आडवे बांध घातले, रानातला पालापाचोळा घमेल्याने वाहिला, आधी गवत, मग धायटी, करवंद, आणि चौथ्या वर्षी आईन, किंजळ ही रानातली मोठी झाडे लावली. गाव मला ढिगारेवाली म्हणून हसले. सात पावसाळे ढिगारा जागचा हललेला नाही. शाबास कोणी म्हटले नाही, आता म्हणूही नये.

प्रवीणने रस्त्याच्या ठेकेदाराशी ढिगारा विकण्याची परस्पर बोलणी केली आहेत. "आई, नुसता मुरूम हाय तो. जेसीबी दोन दिवसांत साफ करील. झाडं काय, परत लावू." तेरा वर्षांत ज्याने एक खड्डा खणला नाही, तो परत लावणार! अर्धा ढिगारा उपसला की उरलेला खाली येणार. म्हणून ही जमीन प्रवीणला नाही. ती चांगू भावोजींना. मायेने देत नाही. ज्याचे शेत खाली आहे, तोच वरची मुळे राखील.

३. पहार, कुदळ आणि कोयताही भावोजींना. गेली दोन वर्षे माघात आईनाचा टहाळ कोणीतरी चोरून तोडतो. यंदा मी पाहिले, भारा भावोजींच्याच डोक्यावर होता. तो त्यांनी राबाला, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजायला, नेला; गेल्या दोन्ही वर्षांचे त्यांचे रोप याच टहाळाच्या राखेवर उगवले. मी हाक मारली नाही. घरी येऊन खूप रडले. भावोजी, चोरी कशाला? दिवसाढवळ्या तोडा, फक्त शेंडा राखा.

४. जमीन नावावर होण्याआधी भावोजींनी माझ्या ओटीवर तांब्याभर पाणी प्यावे, अशी अट घाला, असे वकील म्हणाले. मी घातली नाही. अटीने प्यायलेले पाणी मला नको.

सही: चंद्राबाई सोनबा उतेकर

साक्षीदार:
दीप्ती सुहास शेलार, अंगणवाडी सेविका, कापडे
अश्वजित गायकवाड, निवृत्त शिक्षक, बिरवाडी

पोलादपूर, १२ मार्च २०२५