खिडकीजवळची जागा

३ मार्च
बंजारमासिनला पोचलो. मासलिया आचिलच्या गेमिंग कॅफेत कॉम्प्युटर दुरुस्तीची नोकरी! त्यांना सगळेच आचिल म्हणतात, मावशी. राहायला वरची खोली, खाली नदी. सकाळी आचिलनी गरमागरम सोतो, कोंबडीचं सूप, वाढलं. शेजारच्या खोलीत त्यांचे आजारी यजमान असतात, तिकडे जायचं नाही म्हणाल्या. रुस्ताम नावाचा वाळूच्या होडीवरचा नावाडी रोज खेळायला येतो. मला पाहून म्हणाला, "मार्तापुराचा ना तू? तिकडे लोक हिरे घासतात, अर्बाइन. तू काय, माऊस घासणार?" अख्खं दुकान हसलं. मीही.

५ मार्च
खिडकीजवळच्या मशीनवर गेम अडकतो. माणूस पळता पळता थिजतो, मग एकदम उडी मारून पुढे. धूळ काढली, पंखा पुसला, ड्रायव्हर नवे टाकले, नेटची केबल बदलली, चित्राचा दर्जाही कमी केला. फरक नाही.

८ मार्च
ते मशीन दाराजवळ नेलं, दाराजवळचं खिडकीशी आणलं. नेलेलं आता लोण्यासारखं चालतंय. आणलेलं अडकतंय. म्हणजे दोष मशीनमध्ये नाही. जागेत आहे.

१० मार्च
आज तिथे रुस्ताम खेळत होता, मी मागे उभा. गेम थिजला. रुस्तामही थिजला. सिगारेटचा धूर त्याच्या ओठांपाशी तसाच थांबला. डोळ्यांसमोर हात हलवला, पापणी लवली नाही. मग गेम सुटला आणि त्याने अर्धी राहिलेली शिवी पूर्ण केली. त्याला विचारलं, तर मलाच म्हणाला की झोप झाली नाही वाटतं तुझी.
भीती वाटायला हवी होती. जेवलो, भांडी घासली.

१२ मार्च
आचिलना सांगितलं. मला वर घेऊन गेल्या, शेजारची खोली उघडली. यजमान खुर्चीत. डोळे उघडे, बोट हवेत उचललेलं. श्वास नाही, पण अंग गरम. खिडकीपाशी खेळताना थिजले, ते सुटलेच नाहीत, आचिल म्हणाल्या. मग त्यांचे केस विंचरू लागल्या. म्हणाल्या, एकदा तिथे बसून बघ रे पोरा, आतून तुला कळेल काय अडकतंय.
हातात कंगवा तसाच धरून उभ्या होत्या. नाही म्हणवेना.

१३ मार्च
बसलो. काहीच झालं नाही. उठलो तर बाहेर संध्याकाळ. बसलो तेव्हा सकाळ होती.

१४ मार्च
यजमानांनी बोट खाली ठेवलं. पाणी मागितलं. आचिल रडतायत, हसतायत.
मी त्या खुर्चीत परत बसलेलो नाही. तरी मध्येच थिजतो. जिन्यात. चमचा तोंडापाशी —

मार्च
यजमान खाली गल्ल्यावर बसलेत. रुस्तामचा आरडाओरडा ऐकू येतो, आनंदाचा. मला वर त्यांच्या खुर्चीत आणून बसवलंय. आचिल पाया पडल्या. म्हणाल्या, तिथे कोणीतरी एक अडकलेलं लागतंच, मला ठाऊक होतं.
रागवायचं होतं. राग येईपर्यंत त्या निघून —

ऊन. मग अंधार. मध्ये काही नाही —

आचिल विचारतायत, दुखतं का. त्यांच्या नवऱ्याने सांगितलंय म्हणे, दुखत नाही. खरंच नाही दुखत. एवढंच सांगायचंय त्यांना, की माझ्या आईला कळवा, मी इथे