बारा नंबरचं पाणी

मंगळवार, १ एप्रिल

बूस्टर पंप पुन्हा ट्रिप. सकाळी सुरू केला, अर्धा तास नीट चालला – मग आत खडी दळल्यासारखा आवाज आणि गेजचा काटा खाली. टेकडीवर, गोल्फ कोर्सच्या बारा नंबर ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, स्प्रिंकलर नुसते थुंकत होते. जाळी काढून साफ केली. दोन पानं निघाली, बाकी काही नाही.

बारा नंबरला फक्त याच पंपाचं पाणी चढतं. हा बसला की वर सगळं कोरडं.

बुधवार, २ एप्रिल

पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह बदलला. तेच.

भावोजींनी ट्रॅक्टरला टँकर लावून वर नेला, पाइपने पाणी मारलं. ताई गेल्यापासून सगळी ग्रीन तेच बघतात. आधी ती मुख्य होती, ते तिच्या हाताखाली. "घरीही माझी पोस्ट तीच," असं ते हसून सांगायचे. आता सांगत नाहीत. मला पाहून मान हलवली, मीही हलवली. झालं आमचं बोलणं.

शुक्रवार, ४ एप्रिल

मॅनेजरने बोलावलं. म्हणाले, सभासदांना तो चढ नको झालाय, बारा नंबर खाली सपाटीवर आणायचं चाललंय. सोमवारपर्यंत पंप नीट झाला तर वरचं राहू दे, नाही तर सोडून देऊ. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ते ग्रीन ताईने लावलंय. टेकडीवर नुसता मुरूम होता, तिथे गवत धरायचं नाही असं सगळे म्हणत. तिने गुडघ्यांवर बसून, अंगठ्याच्या पेराइतकं खोल, काडी काडी करून लावलं. मला बजावायची, "माहेरवाशीण आहे ती. लाड करायचे, कारण विचारायचं नाही."

तिचं दुसरं काय उरलंय? कपडे भावोजींनी देऊन टाकले. फोटोत तिचे डोळे कायम मिटलेले.

शनिवार, ५ एप्रिल

कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. पंप बदला म्हणाला. बिघाड काय आहे, विचारलं. "वय," म्हणाला. मॅनेजर माझ्याकडे बघून हसले.

पंप मी कालच पूर्ण उघडला होता. पंखा ठीक, ग्लँड नवी. कुठून तरी हवा घेतोय एवढं कळतं. कुठून ते कळत नाही.

दुपारी परत पाणी सोडलं त्याने. उद्या मला सुट्टी, म्हणून निघताना पंपघराच्या दारावरच्या फळ्यावर लिहिलं – 'बारा नंबर, पाणी सोडलं.' मी लिहितो, भावोजी वाचतात. हल्ली असंच चालतं.

रविवार, ६ एप्रिल

ऊन भयंकर. वाराही गरम. बायको म्हणाली, भावोजींना जेवायला बोलवा, एकटे असतील. फोन हातात घेतला. ठेवून दिला.

सोमवार, ७ एप्रिल

बारा नंबर जळलं.

कडेची एक पट्टी सोडली तर सगळं पिवळं. पाय ठेवला की कुरकुर वाजतं. मुरुमावरचं गवत, आधीच अर्धपोटी, त्याने काल कळ काढली नाही.

मॅनेजरसमोर भावोजी खाली बघत म्हणाले, "फळ्यावर होतं, पाणी सोडलं. मला वाटलं, देऊन झालं."

पंप पाणी टाकून नुसता हवेत फिरायला लागला की आम्ही पंपवाले म्हणतो, पाणी सोडलं. ग्रीनवाले कॉक उघडून पाणी दिलं की म्हणतात, पाणी सोडलं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. ताई तर फळा वाचून तिथूनच ओरडायची – "अरे मुक्या, सोडलं कुणी? तू की पंपाने? शब्दांना मीटर लावलाय का तुझ्या?" आणि स्वतःच खडूने 'पंपाने' लिहून टाकायची.

एक शब्द! तेवढा लिहिला असता तर टँकर गेला असता वर.

मॅनेजर म्हणाले, चला, निर्णय सोपा झाला.

मंगळवार, ८ एप्रिल

जेवलो नाही. पोट बिघडलंय असं घरी सांगितलं.

बुधवार, ९ एप्रिल

वर गेलो. झेंडा काढलेला. भावोजी खुरप्याने भोक बुजवत होते. चूक माझी, असं म्हणायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "माती कमी पडेल."

"पडेल," म्हणाले.

मी घमेलं भरून आणलं. त्यांनी घेतलं. मग उगाच दोघंही पायाने ती माती दाबत राहिलो, दाबून झाली होती तरी.

बायको म्हणते, बोलून मोकळे व्हा. बोलून कोण मोकळं होतं, ते तिने एकदा दाखवावं.

शुक्रवार, ११ एप्रिल

सापडलं.

आता कुणाला नको होतं, तरी हात गप्प बसेनात. पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या सगळ्या जोडांवर दाढीचा फेस फासला आणि पंप चालू करून बघत बसलो. फेस सगळीकडे तसाच राहिला. थोड्या वेळाने खालच्या वळणाच्या एल्बोपाशी मात्र आत ओढला गेला, खळी पडल्यासारखा. रंगाखाली केसाएवढी चीर. पंप चालून जरा हादरे बसले की ती फाकते, म्हणून सुरुवातीला सगळं नीट वाटायचं.

एल्बो बदलला. काटा वर गेला आणि दुपारपर्यंत जागचा हलला नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मॅनेजर म्हणाले, बरं झालं, हा पंप आता दुसरीकडे वापरता येईल.

पूर्ण दाब होता आज. बारा नंबरला पुरून उरला असता.

शनिवार, १२ एप्रिल

भावोजी पंपघरात आले. दारातच उभे राहिले. पंप चालू होता, त्यामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"फळा मी बरोबर वाचला होता. टँकरही भरला होता. वर नेववला नाही रे. ती गेल्यावर रोज तिथे तेवढंच हिरवंगार बघवत नव्हतं."

मी पंप बंद केला. त्यांना बसायला रिकामा डबा सरकवला.