रुमालावर वाळवलेलं विरजण

दही ते दही, दुकानात ढीगभर मिळतं, असं परवा फोनवर तू परत म्हणालास, दादा. तुझ्याशी तोंडाने भांडण्यात अर्थ नाही, म्हणून लिहून देतो. मी, घरातला धाकटा, सातवीत शाळा सोडलेला, परमुलखात दह्याच्या कारखान्यात टाक्या धुणारा. सोमवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. पोट त्यांचं नाही. तेव्हा डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र करतो. डोक्याबद्दल वहिनीची हरकत असणारच, ती नोंदवून घेतली.

एक. सायकल दादाला. चालवणार नाहीसच, निदान पुसत जा.

दोन. खोलीतल्या वेल्डरला काही नाही. दोन वर्षं त्याचं घोरणं ऐकलं, तेवढं पुरे.

तीन. आईचं विरजण. बाळ झाल्यावर जंतू मरावेत म्हणून वहिनीने विरजणाचं मडकं उकळत्या पाण्यात घातलं. जंतू मेले, आजीपासून चालत आलेलं विरजणही मेलं. तेव्हापासून आई दह्याला शिवत नाही आणि वहिनीशी बोलत नाही. पण त्याआधीच, गाव सोडताना मी त्यातलं थोडं रुमालाला लावून वाळवून आणलं होतं. इथे ते दुधावर जगवलंय.

कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी काचेच्या तबकडीत वाईट जंतू वाढवले, मधोमध आपल्या विरजणाचा थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे गढूळ थर, थेंबाभोवती मात्र स्वच्छ रिंगण.

“पळाले का, बाई?”

“मेले. तुझे जंतू एक बारीकसं प्रथिन सोडतात. ते यांच्या अंगाला भोकं पाडतं, आतलं सगळं गळून जातं.”

“म्हणजे विष?”

“त्यांना. तू तेवढा बारीक नाहीस.”

वर बाईंनी बजावलं, सगळेच जंतू याने मरत नाहीत, बाळाला डॉक्टरने औषध दिलं तर ते बंद करायचं नाही.

म्हणून विरजण आईला नाही, दादाला तर नाहीच, वहिनीला. जंतूंची एवढी धास्ती घेणारीच्या हाताखाली हा पहारेकरी शोभेल. अट एकच. रुमाल किती कोमट दुधात सोडायचा ते तिने आईला विचारायचं, आणि आईने सांगायचं. त्याशिवाय दही लागणार नाही.

नवा रुमाल वाळवून सोबत जोडला आहे. धुवू नका.

साक्षीदार: प्रयोगशाळेतल्या बाई (सही). वेल्डर (सही, कलम दोन वाचून रुसला, तरी केली).
ठिकाण: कारखान्याचं कॅन्टीन. तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार.

सोबत मडक्यांचे पैसे. एक दह्याला, एक वहिनीला उकळायला, मिळून तीनशे.